पिवळा म्हणजे नेमका कोणता?

काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळणकागदावर द्यायचा, कागदाचं टोक पाण्यात बुडवायचं आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे निघताना पाहायचे. इथवर हा प्रयोग आता बहुतेक शाळांतून होतो. मुलं खूश होतात, पट्टी वहीत चिकटवतात, खाली 'काळी शाई हे मिश्रण आहे' असा निष्कर्ष लिहितात आणि तास संपतो. आमच्या नववीच्या वर्गात मात्र एका मुलीने पट्टी हातात धरून विचारलं, "बाई, ह्यातला निळा म्हंजी कुठला निळा? कापडाला घालत्यात ती नीळ का दुसरं काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. निळा हे रंगाचं नाव झालं, पदार्थाचं नव्हे. कागदाने मिश्रण फोडून दिलं, पण आत कोण कोण होतं ते सांगितलं नाही. वेगळं करणं आणि ओळखणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि दुसरं काम आपल्या शाळांतून फारसं होतच नाही. ते करून पाहायचं आम्ही ठरवलं. शाळा माणदेशातली. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं, काही परीक्षानळ्या आणि स्पिरिटचे दिवे. पण कागदी क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे कागदावर मिश्रण फोडण्याच्या या रीतीला, याहून फारसं लागतही नाही, आणि म्हणूनच मला ही पद्धत इतकी प्रिय आहे. विजेशिवाय चालते, आणि जे घडतं ते डोळ्यांसमोर घडतं.

कागद मात्र चांगला हवा. साध्या गाळणकागदावर रंग पसरतात, कडा फाटतात. व्हॉटमन नंबर १ या खास गाळणकागदाचे ताव मागवले आणि त्यांच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ. पेन्सिलनेच, कारण ग्रॅफाइट पाण्यातही विरघळत नाही आणि स्पिरिटमध्येही नाही. बॉलपेनची शाई पाण्यात जागची हलत नाही, पण स्पिरिट लागलं की तीही रेघ सोडून वर निघते. ठिपका द्यायला काचेची बारीक नळी दिव्यावर धरून लाल झाली की दोन्हीकडे ओढायची. मधे केसासारखी नळी तयार होते. तिचं टोक रंगात टेकवलं की रंग आपोआप आत चढतो आणि कागदाला टेकवलं की उतरतो. ठिपका दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. टेकवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा त्याच जागी टेकवायचं. गडद ठिपका हवा, मोठा नको. मुलांना सगळ्यात अवघड जातं ते हे थांबणं.

बरण्या लोणच्याच्या, काचेच्या, झाकणाच्या. तळाला सेंटिमीटरभर द्रावक (रंग विरघळवून कागदावर चढणारं पाणी किंवा दुसरा द्रव); एवढाच असला की रेघ त्याच्या वर राहते. रेघच बुडाली तर रंग कागदावर चढण्याऐवजी खाली द्रावकात उतरतो. बरणीच्या आतल्या बाजूने द्रावकात भिजवलेला एक कागद लावून ठेवायचा, म्हणजे आतली हवा वाफेने भरलेली राहते आणि पट्टीवरून द्रावक उडून जात नाही. पट्टी बाजूला टेकता कामा नये. मग झाकण लावायचं आणि हात लावायचा नाही. द्रावक पट्टीच्या वरच्या टोकाच्या दीड-दोन सेंटिमीटर खालपर्यंत चढला की पट्टी काढून त्याच क्षणी तो जिथवर आला तिथे पेन्सिलची खूण करायची. माणदेशातल्या उन्हाळ्यात ही खूण करायला अर्धा मिनिट उशीर केला तरी ओल नाहीशी होते आणि सगळं मोजमाप वाया जातं.

रंग वेगवेगळ्या उंचीवर का थांबतात, हे मी वर्गात असं सांगितलं: आठवडे बाजारातून दोघं एकाच वेळी निघाले, तर ज्याच्या ओळखी जास्त तो मागे राहतो. कागद कोरडा दिसला तरी त्याच्या तंतूंनी पाणी धरून ठेवलेलं असतं. ते पाणी आणि तंतू जागच्या जागी राहतात आणि द्रावक त्यांच्यामधून वर सरकत राहतो. ज्या पदार्थाला तंतूंची ओढ जास्त तो मागे राहतो, ज्याला द्रावकाची ओढ जास्त तो पुढे जातो. पुस्तकातल्या स्थिर प्रावस्था आणि गतिमान प्रावस्था त्या याच.

ठिपका किती पुढे गेला ते आकड्यात सांगता येतं. रेघेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले रेघेपासून द्रावकाच्या खुणेपर्यंतचं अंतर. द्रावक १० सेंटिमीटर चढला आणि ठिपका ६.२ सेंटिमीटर, तर उत्तर ०.६२. याला आरएफ मूल्य म्हणतात. ते शून्य ते एक यांच्या मधेच असतं. मुलांना हे फार आवडलं, कारण आता रंगाला एक नंबर मिळाला. नंबर मिळाला म्हणजे ओळख पटली असं वाटतं, आणि इथेच सावध राहावं लागतं. तोच रंग, तोच कागद, तोच द्रावक, तरी सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात आकडा थोडा सरकतो. झाकण सैल असेल तर सरकतो. कागदाचा ताव बदलला तरी सरकतो. पुस्तकातल्या तक्त्यातलं मूल्य हे अंदाजापुरतं. खरी ओळख पटवायची असेल तर ओळखीचा पदार्थ त्याच कागदावर, त्याच रेघेवर, शेजारी हवा.

हे नीट समजलं ते पानांच्या रंगांपासून. पालकाचं पान रेघेवर पालथं ठेवून त्यावरून रुपयाच्या नाण्याची कड दाबत फिरवली की कागदावर हिरवी रेघ उमटते. खलबत्ता लागत नाही, गाळणं लागत नाही. वाळवून तसंच पुन्हा चार-सहा वेळा. द्रावक पेट्रोलियम ईथर नऊ भाग आणि अॅसिटोन एक भाग. हे दोन्ही चटकन पेट घेतात, म्हणून त्या दिवशी खोलीत एकही दिवा पेटवला नाही आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. द्रावक इतका भराभर चढतो की मुलांना हातातलं काम टाकून बघत बसावं लागतं. सगळ्यात वर, जवळजवळ द्रावकाच्या खुणेला चिकटून, केशरी-पिवळा कॅरोटीन. त्याखाली पिवळा झँथोफिल. मग निळसर हिरवा क्लोरोफिल ए आणि सगळ्यात खाली पोपटी क्लोरोफिल बी. एकाच हिरव्यातून दोन हिरवे निघतात, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असली तरी कागदावर बघताना वेगळीच असते.

या पद्धतीची सुरुवातही पानांपासूनच झाली. मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉर्सात काम करत होता. काचेच्या उभ्या नळीत त्याने खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, पूड ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. नळीत रंगांचे थर वेगवेगळे झाले. १९०३ मध्ये त्याने हे वॉर्सातल्या सभेत मांडलं आणि १९०६ मध्ये सविस्तर छापलं. पुढे कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९१९ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या नळीतून पुढे काय काय निघणार आहे याची जगाला कल्पना नव्हती. मला त्याच्याविषयी फार वाटतं, म्हणून पालकाची पट्टी मुलांच्या हातात असतानाच त्याचं नाव त्यांना सांगते.

पालकानंतर मुलांनी स्वतःहून लाल माठ आणला. "ह्यात हिरवं असंल का?" वर्गात दोन तट पडले. पट्टी लावली. लाल रंग रेघेवरून तसूभर हलला नाही, कारण माठाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा, त्याला ईथरची ओढच नाही. आणि त्या लालमधून सुटून दोन्ही हिरवे आणि दोन्ही पिवळे वर गेले, अगदी पालकासारखेच. शेजारच्या पट्टीवर पालक होता म्हणून 'पालकासारखेच' असं म्हणता आलं. पालक नसता तर 'दोन हिरवे, दोन पिवळे' एवढंच म्हणता आलं असतं. शेजारी ओळखीचा का हवा, हे या पट्टीपासून कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

यानंतर तालुक्याच्या वरिष्ठ महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी मुलांना त्यांच्या प्रयोगशाळेत बोलावलं. इथे पदार्थ बिनरंगी होते. प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं. सरांनी ग्लायसिन, अॅलनिन, ल्युसिन आणि प्रोलिन यांची चार द्रावणं मांडली आणि पाचव्या बाटलीत यातली काही मिसळून दिली. कोणती ते मुलांनी शोधायचं. द्रावक ब्युटानॉल, अॅसेटिक आम्ल आणि पाणी, ४:१:५ या प्रमाणात घुसळून वेगळा झालेला वरचा थर. उग्र वास, आणि चढायला घाई अजिबात नाही. सकाळी लावलेला कागद दुपार टळून गेल्यावर काढला. वाळल्यावर कागद कोराच दिसत होता. सरांनी त्यावर अमिनो आम्लांना रंग आणणारा निनहायड्रिन अॅसिटोनमध्ये विरघळवून फवारला आणि कागद भट्टीत साधारण १०५ अंशांवर काही मिनिटं ठेवला. बाहेर काढला तेव्हा त्यावर जांभळे ठिपके होते आणि एक पिवळा. पिवळा प्रोलिनचा, त्याची रचना इतरांहून वेगळी असल्याने तो जांभळा होत नाही.

सरांनी कागद चिमट्यानेच धरायला सांगितला होता. त्याचं कारण त्यांनी बोलून न दाखवता करून दाखवलं. एका मुलाला कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मुद्दाम अंगठा टेकवायला लावला होता. भट्टीतून कागद बाहेर आला तेव्हा त्या कोपऱ्यात अंगठ्याचा जांभळा ठसा होता, रेषा न् रेषा स्पष्ट. घामातही अमिनो आम्लं असतात. पोलिस कागदावरचे बोटांचे ठसे उठवायला हाच निनहायड्रिन वापरतात. तो मुलगा कितीतरी वेळ आपला अंगठा आणि कागद आळीपाळीने बघत होता.

पाचव्या बाटलीतून दोन ठिपके निघाले. एक ग्लायसिनच्या बरोबरीने, एक ल्युसिनच्या. या द्रावकात तक्त्यात ग्लायसिनचं मूल्य ०.२६, अॅलनिनचं ०.३८ आणि ल्युसिनचं ०.७३ दिलेलं असतं. आमचे आकडे त्यापासून थोडे हटले होते, पण ओळखीचे ठिपकेही तेवढेच हटले होते, त्यामुळे काही अडलं नाही.

कागदावरची ही रीत इंग्लंडमधल्या लीड्सची. तिथे लोकर उद्योगाची एक संशोधन संस्था होती. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी तिथे १९४१ मध्ये दोन द्रवांमधल्या विभागणीवर आधारलेली क्रोमॅटोग्राफी मांडली, आणि १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी तेच काम गाळणकागदाच्या पट्टीवर करून दाखवलं. त्यांना लोकरीच्या प्रथिनात कोणकोणती अमिनो आम्लं आहेत ते हवं होतं. १९५२ मध्ये मार्टिन आणि सिंज यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९४४ नंतरच्या काही वर्षांत याच कागदाने काय काय दिलं! केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर या शास्त्रज्ञाने इन्सुलिनच्या तुकड्यांची ओळख पटवताना कागदच वापरला. न्यूयॉर्कमध्ये एर्विन चारगाफ या शास्त्रज्ञाने डीएनएचे घटक कागदावर वेगळे करून मोजले, आणि त्यातून त्या घटकांपैकी अॅडेनिन थायमिनएवढं आणि ग्वानिन सायटोसिनएवढं असतं हे पुढे आलं. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना मांडताना या मोजमापांचा आधार होता. हे सगळं ज्या कागदावर झालं तोच कागद आमच्या मुलांच्या हातात आहे, हे त्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता जत्रेची गोष्ट. आमच्याकडे जत्रा म्हणजे जिलबी, बुंदीचे लाडू, गुलाबी बुढ्ढी के बाल आणि रंगीत बडीशेपेच्या गोळ्या. आपल्याकडे खाण्यात घालायला परवानगी असलेले कृत्रिम रंग फक्त आठ: पिवळा टार्ट्राझीन, केशरी सनसेट यलो, लाल कार्मोझीन, पॉन्सो ४आर आणि एरिथ्रोसिन, निळे ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्मिन, आणि हिरवा फास्ट ग्रीन. तेही ठरावीक पदार्थांतच, आणि मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. पिवळ्या रंगासाठी कधी कधी मेटॅनिल यलो वापरला जातो. तो कापडाचा आणि कातड्याचा रंग, खाण्यात पूर्ण बंदी असलेला. २०२४ मध्ये तमिळनाडूने रोडामाइन बी या अशाच बंदी असलेल्या रंगामुळे बुढ्ढी के बालवर बंदी घातली तेव्हा ती बातमी मुलांनी वर्गात आणली होती. त्यामुळे प्रश्न त्यांचाच होता: आपल्या जत्रेतला पिवळा कुठला?

ओळखीचे रंग किराणा दुकानात मिळाले. खायच्या रंगांच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर बारीक अक्षरात आयएनएस क्रमांक, म्हणजे खाण्यात घालायच्या रंगांसारख्या द्रव्यांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, छापलेले असतात. १०२ म्हणजे टार्ट्राझीन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोझीन, १२४ पॉन्सो ४आर, १३३ ब्रिलियंट ब्लू. जिथे एकच क्रमांक आहे अशा बाटल्या निवडल्या. हिरव्याच्या बाटलीवर १०२ आणि १३३ असे दोन क्रमांक होते. द्रावक म्हणून लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ पुरतं. हिरवा ठिपका लावला तर निळा पार वर गेला आणि पिवळा त्याच्या मागे राहिला, दोन्ही आपापल्या ओळखीच्या ठिपक्यांच्या रांगेत. "बाई, डब्यावर लिवलंय तसंच निघालं की!" डब्यावरचं छापील कागदाने खरं करून दाखवलं, याचं मुलांना जत्रेतल्या मिठाईपेक्षाही अप्रूप वाटलं.

बडीशेपेच्या गोळ्या सोप्या. रंग वरच्या साखरेवरच असतो. दोन-तीन थेंब पाण्यात गोळी लोळवली की रंग सुटतो. जिलबी आणि लाडू तसे नव्हेत. तुपामुळे पाणी आत शिरत नाही आणि पाकामुळे ठिपका चिकट होऊन कागदावर शेपटासारखा ओढला जातो. रंग आधी तूप-साखरेतून बाहेर काढायला हवा, आणि त्याला लोकरीसारखं दुसरं काही नाही. अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळाही हीच जुनी रीत वापरतात.

लोकर आमच्याकडे विकत आणावी लागत नाही. एका मुलाच्या घरी मेंढरं, नुकतीच कातरणी झालेली. त्याच्या आजीने पांढरी लोकर निवडून टकळीवर सुताएवढी कातून दिली. ती आम्ही साबण आणि सोड्याच्या पाण्यात उकळून, खळखळून धुऊन घेतली, कारण लोकरीचा स्वतःचा तेलकटपणा राहिला तर रंग बसत नाही. लाडू कोमट पाण्यात कुस्करला, वर आलेलं तूप काढून टाकलं, पाणी गाळलं, त्यात थोडं व्हिनेगर घातलं, वीतभर धागा टाकून उकळलं. काही मिनिटांत पाणी फिकट झालं आणि धागा पिवळाधमक. आंबट पाण्यात लोकरीवर धन भार येतो आणि या रंगांवर ऋण भार असतो, म्हणून ते लोकरीला धरून बसतात. साखर पाण्यातच राहते. धागा साध्या पाण्यात खळबळून दुसऱ्या भांड्यात अमोनियाचे काही थेंब घातलेल्या पाण्यात उकळला, की लोकरीची पकड सुटते, रंग पाण्यात उतरतो आणि धागा पुन्हा पांढरा होतो. पांढरा धागा पिवळा होताना आणि पिवळा धागा पांढरा होताना मुलांनी भांड्यावरून मान हलवली नाही. मग ते रंगीत पाणी चिनी मातीच्या बशीत, गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून चार थेंबांवर आणलं. हे काम रखडत होतं, घाई करून सरळ ज्योतीवर धरलं की रंग करपतो.

हळदीचा विचार आधीच केला होता. हळदही लोकरीला रंगवते, आणि घरच्या लाडवात कुणी हळद घातली तर तिच्यावर भलता आळ यायचा. म्हणून एक धागा नुसत्या हळदीच्या पाण्यात आणि एक बिनरंगी पाकात उकळून त्यांचेही ठिपके त्याच कागदावर दिले. हळद अमोनियात तांबडी होते, त्यामुळे ती लगेच कळते.

जिलबीतून टार्ट्राझीन आणि सनसेट यलो निघाले, स्वच्छ, ओळखीच्या रांगेत. हिरव्या बडीशेपेतून टार्ट्राझीन आणि ब्रिलियंट ब्लू. बुढ्ढी के बालचा गुलाबी कार्मोझीनच्या बरोबरीने थांबला. एका ठिकाणच्या बुंदीच्या लाडवाचा पिवळा मात्र टार्ट्राझीनच्या खूपच खाली राहिला होता. सनसेट यलोच्याही खाली. हळदीशीही जुळत नव्हता. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर टार्ट्राझीनच्या आणि या पिवळ्यात काही फरक नव्हता. फरक फक्त उंचीचा.

त्या ठिपक्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला. पिवळा गडद गुलाबी-जांभळा झाला. टार्ट्राझीनवर तोच थेंब सोडला, त्यावर काही झालं नाही. मुलं ओरडलीच, "घावला!" मी त्यांना थांबवलं. आम्लाने रंग बदलणारे पिवळे आणखीही आहेत. आमच्या कागदावर शेजारी मेटॅनिल यलो नव्हता, आणि शेजारी नसलेल्याचं नाव घ्यायचं नाही, हे तर आम्ही पानांपासून शिकत आलो होतो.

मेटॅनिल यलो महाविद्यालयात होता, आम्लता दाखवणारा दर्शक म्हणून. सरांनी त्याचं थोडंसं द्रावण दिलं. नव्या कागदावर तीन ठिपके दिले: लाडवाचा, मेटॅनिल यलोचा, आणि तिसऱ्या जागी दोन्ही एकावर एक. ही तिसरी जागा महत्त्वाची. दोन्ही पदार्थ वेगळे असतील तर वर जाताना तो ठिपका फुटतो, निदान लांबट तरी होतो. एकच असतील तर एकजीव राहतो. तो एकजीव राहिला. पण एका द्रावकात दोन निरनिराळे पदार्थ योगायोगाने एका उंचीवर येऊ शकतात, म्हणून तोच प्रयोग सरांच्या ब्युटानॉलच्या द्रावकात पुन्हा केला. तिथे सगळ्याच रंगांच्या जागा बदलल्या. लाडवाचा पिवळा आणि मेटॅनिल यलो तिथेही बरोबर होते.

आता काय म्हणायचं, यावर वर्गात प्रयोगापेक्षा जास्त वेळ गेला. 'लाडवात विष होतं' असं एकाने लिहिलं होतं, ते खोडलं. लाडवात रंग किती होता हे आम्ही मोजलंच नव्हतं; कागद असा सहज प्रमाण सांगत नाही. शेवटी वहीत असं वाक्य लिहिलं: 'लाडवातून काढलेला पिवळा रंग दोन द्रावकांत मेटॅनिल यलोबरोबर गेला आणि आम्लाने त्याच्यासारखाच बदलला, टार्ट्राझीन, सनसेट यलो आणि हळद यांच्याशी तो जुळला नाही.' खाली द्रावक, कागद, तापमान आणि तारीख. विकणाऱ्याचं नाव मी मुलांना लिहू दिलं नाही, बोलूही दिलं नाही. तो मिठाई दुसरीकडून आणत असेल, रंग कुणी तिसऱ्यानेच घातला असेल, आणि शाळेच्या बरणीवरून कुणाच्या पोटावर पाय देणं योग्य नाही. त्याला मी एकटीने जाऊन पट्टी दाखवली आणि किराणा दुकानातली क्रमांक छापलेली बाटलीही दाखवली. तो बराच वेळ पट्टी आणि बाटली शेजारी धरून बघत होता. लाडू आणतो त्या ठिकाणी विचारतो म्हणाला.

कायद्याने ग्राहकाला स्वतः तपासणी करून घेता येते, हे मला या निमित्ताने नीट वाचायला मिळालं. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६, कलम ४०. कुणीही विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. पदार्थ नियमांत बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते. जत्रेतला तो लाडू आम्ही न सांगता घेतला होता, त्यामुळे त्याचं तसं काही करता येत नव्हतं. पुढच्या जत्रेत मुलांपैकी दोघं आणि मी मिळून सांगून लाडू घेणार आहोत. फीचे पैसे विज्ञान मंडळाच्या वर्गणीतून काढायचं ठरलंय. त्याच लाडवातला एक तुकडा आमच्याकडे ठेवून आम्हीही आमची पट्टी काढू, वहीत निष्कर्ष लिहून मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात देऊ, आणि सरकारी अहवाल आला की दोन्ही शेजारी ठेवून बघू.